सहा हजारांत न बसणारी बैलजोडी

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

विषय : वाहनाच्या ‘थर्ड पार्टी’ विम्यात परक्याच्या मालमत्तेला व वाहनावरच्याच माणसाला मिळणारे अपुरे संरक्षण, आणि त्याची माहिती पॉलिसीवर मराठीत छापण्याबाबत

महोदय,

विम्याचे बहुतेक प्रकार विमाधारकाच्या स्वतःच्या हानीभोवती फिरतात. घर जळाले, पीक बुडाले किंवा गाडी चोरीला गेली, तर ज्याचे गेले त्याच्या हातात पैसे येतात, आणि हप्ता कशासाठी भरला हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. दायित्व विमा याच कुळातला असला तरी त्याची चाल उलटी आहे. त्यात विमाधारकाचे काहीच गेलेले नसते. त्याच्या हातून दुसऱ्याचे गेलेले असते. त्या दुसऱ्याला भरपाई देण्याची जी कायदेशीर जबाबदारी विमाधारकाच्या अंगावर येते, ती हप्त्याच्या मोबदल्यात विमा कंपनी स्वतःकडे घेते. त्यामुळे इथे पैसा विमाधारकाच्या घरी येत नाही, तो जखमीच्या किंवा मृताच्या वारसांच्या घरी जातो, आणि विमाधारकाला मिळते ते एवढेच की त्या देण्यापायी त्याची जमीन, घर आणि पगार जप्तीत सापडत नाहीत. हे न दिसणारे संरक्षण असल्यामुळे आपल्याकडे त्याची गणना विम्यात न होता पीयूसीच्या कागदात होते : नाक्यावर पोलिसाने अडवले तर दाखवायचे एक चिठोरे.

सामान्य वाहनधारकाचा ज्या एकमेव दायित्व विम्याशी संबंध येतो, तो म्हणजे मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला ‘थर्ड पार्टी’ विमा. या नावातला हिशेब असा : करार करणारा वाहनमालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा, आणि ज्यांचा या करारावर अंगठाही नाही, पण ज्यांच्यासाठीच तो सक्तीचा झाला, ते सगळे तिसरे : पादचारी, सायकलवाला, समोरच्या गाडीतले लोक, हातगाडी, कुंपण, विजेचा खांब. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग जिच्यात जोडलेला असतो ती सर्वंकष पॉलिसी. तिला एजंटांच्या बोलीत ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात. ही बोली चुकीची आहे आणि निरुपद्रवीही नाही, कारण तिच्यामुळे लोकांचा समज असा झाला आहे की ‘फर्स्ट पार्टी’ म्हणजे आपला विमा आणि ‘थर्ड पार्टी’ म्हणजे सरकारला भरायचा कर. प्रस्तुत पत्र या दुसऱ्या, दुर्लक्षित भागाबद्दल आहे, आणि त्यातही ज्या दोन ठिकाणी तो अपघातग्रस्ताच्या हातून निसटतो, त्यांबद्दल.

पहिले ठिकाण मालमत्तेचे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने विमा सक्तीचा केला, तेव्हा मृत्यू आणि शारीरिक इजा यांसाठीही कंपनीच्या दायित्वाला आकड्यांची मर्यादा होती. १९८८ च्या कायद्याने ती काढून टाकली आणि माणसाच्या बाबतीत मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जेवढी भरपाई ठरवील तेवढी कंपनीने द्यावी असे केले. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र त्याच कायद्याने ६,००० रुपयांची मर्यादा घातली. म्हणजे एकाच धडकेत, एकाच चाकाखाली सापडलेल्या दोन गोष्टींपैकी माणसाच्या नुकसानीला कमाल मर्यादा नाही आणि त्याच्या हातगाडीच्या नुकसानीला मात्र ती आहे. या भेदामागे तर्क नाही असे म्हणता येणार नाही. जीव अनमोल असतो हे वाक्य न्यायालयांना परवडत नाही, म्हणून त्यांनी जीवाचाही हिशेब बांधून दिला आहे, आणि तो हिशेब मोठा होतो.

तो किती मोठा होतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात भरपाईचे सूत्र पक्के केले. समजा, महिन्याला २०,००० रुपये मिळवणारा ३५ वर्षांचा विवाहित फळविक्रेता अपघातात दगावला आणि त्याच्यावर चार जण अवलंबून होते. स्वतःचा धंदा असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाची कमाई पुढे वाढली असती असे धरून ४० टक्के वाढ मिळवली जाते, म्हणजे २८,००० रुपये झाले. तो स्वतःवर जो खर्च करता त्यापोटी चौथा हिस्सा वजा होतो, उरले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६ आहे. रक्कम येते ४०,३२,००० रुपये, आणि जोडीदाराचा सहवास गमावणे, अंत्यसंस्कार, मालमत्तेची हानी या ठरीव बाबींची भर वेगळी. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला या दायित्वासाठी वर्षाला ७१४ रुपये मूळ हप्ता पडतो. चाळीस लाखांच्या डोंगराखालून माणसाला बाहेर काढणारी इतकी स्वस्त वस्तू बाजारात दुसरी नसेल, आणि तरीही ती न घेता गाडी चालवणारे पावलोपावली भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खालची पहिल्या गुन्ह्याची शिक्षा २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी असली, तरी लोकांच्या मनात तिचा हिशेब नाक्यावर पोलीस दिसतो की नाही एवढ्यावरच असतो.

आता तीच धडक हातगाडीच्या बाजूने पाहावी. कायद्यातली ६,००० ची मर्यादा अपुरी असल्याचे विमा क्षेत्राला फार पूर्वीच कळले होते, म्हणून २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफने मालमत्तेच्या नुकसानीसाठी दुचाकीला १ लाख आणि खासगी मोटारीला व व्यावसायिक वाहनाला साडेसात लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मूळ पॉलिसीत ठेवले. ही गोष्ट स्तुत्य होती. परंतु त्याच दरपत्रकाने मागच्या दाराने एक पर्याय उघडा ठेवला : विमाधारकाची इच्छा असेल तर हे संरक्षण कायद्याच्या ६,००० रुपयांवर आणता येईल आणि त्याबद्दल हप्त्यात सूट मिळेल. ही सूट दुचाकीला वर्षाला ५० आणि खासगी मोटारीला १०० रुपये ठेवली होती. शंभर रुपये वाचवण्यासाठी ७,४४,००० रुपयांचे संरक्षण सोडून द्यावे, असा सौदा समोर मांडला तर बाजारसमितीतला हमालही हसेल. तो मांडला जात नाही, हीच खरी अडचण आहे. पॉलिसीच्या अनुसूचीत दायित्वाच्या मर्यादांचे दोन रकाने असतात. पहिल्यात मृत्यू व इजेसाठी ‘मोटार वाहन कायद्याच्या गरजेपुरती रक्कम’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य असते, दुसऱ्यात मालमत्तेसाठीचा आकडा असतो, आणि हप्त्याच्या बेरजेत कुठे तरी ‘टीपीपीडी’ (थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेज) अशी अक्षरे व वजाबाकीची खूण असते. स्वस्त पॉलिसी दाखवून गिऱ्हाईक बांधणाऱ्या विक्रेत्याने ती खूण टाकली, की साडेसात लाखांचा माणूस एका ओळीत सहा हजारांचा होतो, आणि त्याला त्याची खबर अपघातानंतर लागते.

सहा हजारांत काय बसते ते पाहण्यासाठी हंगामातल्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यातला रस्ता डोळ्यांसमोर आणावा. साखर कारखान्याकडे निघालेली टायरगाडी, जुवाला बैलजोडी, मागे उसाच्या मोळ्या साटीच्या वर माणसाच्या उंचीएवढ्या रचलेल्या, आणि मागून येणाऱ्याला दिसावे म्हणून बांधलेले लाल परावर्तक कापड. अंधारात एखादी मोटार मागून किंवा वळणावर आडवी येऊन धडकते. गाडीवान जुवावरून बाजूला फेकला जातो, खरचटण्यावर निभावतो, पण एक बैल मरतो. पशुवैद्यक शवविच्छेदन करतो, पोलीस पंचनाम्यात ‘एक खिलार बैल, पांढरा, वय अंदाजे सहा वर्षे’ असे लिहितात. कायद्याच्या नजरेला बैल ही मालमत्ता आहे, आणि तिचा भाव त्या दिवशीच्या बाजाराचा. बाजारात जोडीचा भाव लाखाच्या घरात असतो, पण गाडीवानाचे नुकसान अर्ध्या जोडीचे नसते. एक गेला की दुसऱ्याच्या चालीचा, उंचीचा जोडीदार मिळेपर्यंत जोडी फुटलेलीच राहते, गाडी उभी राहते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही. मोटारीच्या पॉलिसीवर तो वजाबाकीचा पर्याय घेतलेला असेल, तर विमा कंपनीचे दायित्व ६,००० वर संपते. उरलेली रक्कम मोटारमालकाकडून वसूल करण्याचा हक्क गाडीवानाला आहे, पण दुसऱ्या जिल्ह्यातून हंगामापुरता आलेला माणूस तो हक्क चालवायला पुढच्या तारखांना कुठून येणार, याचे उत्तर कायद्यात नाही.

मालमत्तेच्या व्याख्येत आणखी एक बारकावा आहे, जो मोटारमालकांनाही बहुधा ठाऊक नसतो. तिसऱ्या पक्षाची मालमत्ता म्हणजे विमाधारकाची स्वतःची नव्हे, आणि त्याच्या ताब्यात किंवा विश्वासावर दिलेलीही नव्हे. ट्रॅक्टर मागे घेताना स्वतःच्याच गोठ्याची भिंत पडली तर दायित्व विमा काही देत नाही, कारण कोणी स्वतःचा कर्जदार होऊ शकत नाही. हे पटण्यासारखे आहे. पण ट्रॉलीत भरलेला शेजाऱ्याचा सोयाबीन उलटून नाल्यात गेला, तर तोही बाहेरच राहतो, कारण माल वाहकाच्या ताब्यात होता. त्यासाठी मालाच्या वाहतुकीचा वेगळा विमा लागतो. शेजारी मात्र ‘तुझा विमा आहे ना’ असे म्हणून निश्चिंत असतो.

मालमत्तेच्या दाव्यांची संख्या इजेच्या दाव्यांच्या तुलनेत नगण्य का दिसते, याचे कारण आकड्यांत नाही, तर रस्त्यावरच्या रीतीत आहे. टपरीचा कोपरा चेपला, दुधाची किटली सांडली, कंपाउंडची जाळी फाटली, की दोन्ही बाजूंची माणसे जमतात आणि पोलीस ठाण्याच्या पायरीवर किंवा त्याआधीच मांडवली होते. पाच हजार, आठ हजार, ‘गरिबाचं नुकसान झालंय’ आणि ‘माझ्या गाडीचंही झालंय’ या दोन वाक्यांच्या मध्ये रक्कम ठरते आणि रोख दिली जाते. या मांडवलीत समजूतदारपणा असतो हे नाकारण्याचे कारण नाही; लहान नुकसानीसाठी न्यायाधिकरणात वकील लावणे परवडत नाही, आणि टपरी उद्या सकाळी उघडायची असते. परंतु वाहनाच्या पॉलिसीच्या सर्वसाधारण अटींमध्ये एक अट अशी आहे की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करू नये आणि भरपाईचे वचन किंवा रक्कम देऊ नये. म्हणजे महाराष्ट्राच्या रस्त्यावर रोज जे शहाणपण समजले जाते, ते पॉलिसीच्या भाषेत अटीचा भंग आहे. ज्याने रस्त्यावर पाच हजार देऊन हात जोडले, त्याच्याकडून महिन्याने पन्नास हजारांची मागणी आली, तर कंपनी त्याला त्याच्याच कबुलीचा कागद दाखवू शकते. कायदा एका दिशेला आणि सगळा समाज दुसऱ्या दिशेला चाललेला असताना अट बारीक अक्षरांत लिहून ठेवणे ही माहिती देण्याची पद्धत म्हणता येणार नाही.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आणि तिच्या अनुषंगाने १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या प्रकरणाने या कोंडीवर एक उपाय दिला आहे. नव्या कलम १४९ प्रमाणे अपघाताची माहिती मिळताच विमा कंपनीने दाव्याच्या तडजोडीसाठी अधिकारी नेमायचा आणि ३० दिवसांत न्यायाधिकरणापुढे आपला देकार ठेवायचा असतो. पोलिसांनीही पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. ही यंत्रणा जखमी व मृतांच्या दाव्यांसाठी हळूहळू रुळते आहे. तिच्याच आधारे लहान मालमत्ता-दाव्यांसाठी कंपनीने पंचनामा, छायाचित्रे आणि दुरुस्तीचे बिल एवढ्यावर निकाल द्यावा, सर्व्हेअरची फेरी आणि वकीलपत्र यांतून दावेदाराला मोकळे करावे, असा नियम प्राधिकरणाने केला तर मांडवली बेकायदा ठरवण्याची वेळच येणार नाही. तीच मांडवली कंपनीच्या टेबलावर होईल.

दुसरे ठिकाण माणसाचे आहे, आणि तिथली फट अधिक खोल आहे, कारण ती घरातल्याच माणसाला गिळते. दुचाकीच्या मागच्या सीटवर बसलेली पत्नी, आई किंवा मुलगा हे चालवणाऱ्याच्या दृष्टीने ‘दुसरे’ असले तरी केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत ते ‘तिसरे’ असतीलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये टिळक सिंग प्रकरणात असे ठरवले की फक्त कायद्याच्या सक्तीपुरती पॉलिसी असेल, तर दुचाकीवर फुकट नेलेल्या मागच्या सीटवरच्या माणसाच्या इजेची किंवा मृत्यूची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. तिचा भार वाहनमालकावर राहतो. तोच दाखला कंपन्या आजही पुढे करतात. याउलट सर्वंकष पॉलिसीत असा माणूस आणि खासगी मोटारीतले प्रवासी अंतर्भूत असतात, हे स्वतः प्राधिकरणाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने सर्व कंपन्यांना कळवले, आणि २०१२ मध्ये बाळकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाची दखल घेऊन कायद्यापुरती पॉलिसी आणि सर्वंकष पॉलिसी यांतला फरक मांडला. तात्पर्य, मागे बसलेल्या बाईच्या जिवाला संरक्षण आहे की नाही, हे तिच्या दुखापतीवर ठरत नाही, तर तिच्या नवऱ्याने गाडीच्या पत्र्याचा विमा काढला होता की नाही यावर ठरते. विम्याच्या शास्त्रात याहून विचित्र जोडणी शोधून सापडणार नाही.

या जोडणीला २०१८ नंतर एक नवे वळण मिळाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. बिनविम्याच्या गाड्या कमी व्हाव्यात हा हेतू चांगलाच आहे. मात्र शोरूममधून निघणाऱ्या दुचाकीला बहुधा पाच वर्षांचे दायित्व आणि एकाच वर्षाचे स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण जोडून दिले जाते. वर्ष सरले की स्वतःच्या नुकसानीचा भाग नूतनीकरणाला येतो. मालक म्हणतो, ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे की,’ आणि तो भाग सोडून देतो. पहिल्या वर्षी सर्वंकष असलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षापासून केवळ कायद्यापुरती उरते, आणि मागच्या सीटच्या प्रश्नावर हरकत घ्यायला कंपनीला जागा मिळते. गाडी तीच, सीट तीच, बसणारी तीच. बदलला तो फक्त एक न भरलेला हप्ता, ज्याचा त्या सीटशी संबंध आहे हे हप्ता न भरणाऱ्याला कोणीही सांगितलेले नसते.

मालवाहू वाहनांत ही फट दरीएवढी होते. २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालवाहू वाहनातून फुकट नेल्या जाणाऱ्या माणसांचे दायित्व सक्तीच्या विम्यात येत नाही असे ठरवले, आणि २०१९ च्या दुरुस्तीत मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशांना वगळण्याची गोष्ट कायद्याच्या मजकुरातच आली; मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी तेवढा आत राहिला. टेम्पोतून जाणारे वऱ्हाड, पिकअपमधून जत्रेला निघालेले गाव आणि छोटा हत्तीच्या मागच्या हौद्यात उभे राहून बाजाराला जाणाऱ्या बायका, या सगळ्यांना कायदा अपघाताच्या क्षणी सांगतो की तुम्ही इथे असायलाच नको होता. वाहतुकीच्या शिस्तीच्या दृष्टीने हे बरोबर असेल; एसटीची एक फेरी बंद झाली की त्या गावाला दुसरे वाहन कोणते, हा प्रश्न मात्र न्यायालयासमोर कधी येत नाही.

आणि ऊसतोड कामगारांच्या ट्रॉल्यांचा विचार केल्याशिवाय महाराष्ट्रातली ही चर्चा पुरी होऊ शकत नाही. दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे संसार, शेळ्या आणि लेकरे यांसह ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांत बसून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टर हा शेतीच्या वापरासाठी विमा घेतलेला असतो, ट्रॉली हे कागदोपत्री वेगळे वाहन असते, आणि तिच्यातली माणसे पॉलिसीच्या भाषेत ना प्रवासी, ना मालाचे मालक. ती नोकर म्हणून कर्मचारी भरपाईच्या कायद्याकडे वळू शकतात, पण मग मालक कोण हे ठरवावे लागते : उचल देणारा मुकादम, ट्रॅक्टरचा मालक, की ज्या कारखान्यासाठी ऊस तोडायचा तो कारखाना. हे तिघे एकमेकांकडे बोट दाखवत असताना दावा वर्षानुवर्षे लोंबकळतो. विमा हा मुळात अशा वादातून अपघातग्रस्ताला सोडवण्यासाठी जन्माला आला होता. इथे तो वादाचा चौथा पक्ष बनतो.

वरील दोन फटींच्या मानाने परवान्याचा प्रश्न लोकांना जास्त माहीत आहे आणि प्रत्यक्षात तो कमी भयंकर आहे. चालकाकडे योग्य परवाना नसेल तर ‘क्लेम बाद’ अशी समजूत आहे. ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीपुरती बरीचशी खरी असली तरी परक्याच्या दाव्यात तशी नाही. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालाने असे सांगितले की परवान्याच्या उणिवेवर बोट ठेवणाऱ्या कंपनीला विमाधारकाचा निष्काळजीपणाही सिद्ध करावा लागेल, आणि तो सिद्ध झाला तरी न्यायालय तिला आधी अपघातग्रस्ताला पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायला सांगू शकते. ‘आधी द्या, मग वसूल करा’ या तत्त्वात दायित्व विम्याचा खरा अर्थ सामावला आहे : विमाधारकाच्या चुकीचा हिशेब विमाधारकाशी, जखमीशी नव्हे. वर वर्णन केलेल्या फटींच्या बाबतीतही हेच तत्त्व का लागू होऊ नये, हा विचार प्राधिकरणाने व केंद्र सरकारने करण्यासारखा आहे. फुकट प्रवासी नेणाऱ्या टेम्पोमालकाला शिक्षा व्हावी यात वाद नाही, ती त्याच्या वऱ्हाडातल्या विधवेला होऊ नये एवढेच.

थर्ड पार्टी विम्याचे मूळ दर व दायित्व २०२२ पासून केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडून, प्राधिकरणाशी विचारविनिमय करून, ठरवले जातात, याची जाणीव ठेवून पुढील मागण्या केल्या आहेत; ज्या गोष्टी मंत्रालयाच्या हातातल्या आहेत त्यांची शिफारस प्राधिकरणाने करावी, आणि ज्या स्वतःच्या अखत्यारीत आहेत त्या कराव्यात. मालमत्तेचे संरक्षण ६,००० वर आणणारा पर्याय पॉलिसीतून कायमचा काढून टाकावा; शंभर रुपयांच्या सवलतीसाठी कोणी मोर्चा काढणार नाही. दुचाकीच्या मागच्या सीटवरच्या माणसाला केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीतही अंतर्भूत करावे आणि त्याचा जो काही हप्ता होईल तो मूळ हप्त्यातच मिळवावा. ही वाढ सोसणारा मालक आणि ज्याच्या घरचा माणूस मागे बसतो तो मालक, हे एकच आहेत. ऊस वाहतुकीच्या हंगामापुरती ट्रॅक्टर, ट्रॉली व तिच्यातून नेले जाणारे कामगार यांची एकत्रित दायित्व पॉलिसी कंपन्यांनी तयार करावी, आणि तिच्याशिवाय वाहतुकीचा करार न करण्याची अट साखर कारखान्यांना लागू व्हावी यासाठी राज्य सरकारशी पत्रव्यवहार करावा.

राहिला पॉलिसीच्या कागदाचा प्रश्न. आरोग्य विम्याच्या पॉलिसीसोबत सोप्या भाषेतले माहितीपत्रक देण्याची आणि ते मागितल्यास स्थानिक भाषेत पुरवण्याची शिस्त प्राधिकरणाने १ जानेवारी २०२४ पासून घालून दिली आहे, त्यामुळे कल्पना नवी नाही. वाहनाच्या पॉलिसीवर, महाराष्ट्रात व गोव्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर, न मागता, पहिल्या पानावर आणि हप्त्याच्या आकड्याएवढ्याच ठळक टायपात मराठीत पुढील मजकूर छापला जावा : या गाडीमुळे दुसऱ्याला इजा वा मृत्यू झाल्यास भरपाईला मर्यादा नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास कंपनी इतक्या रुपयांपर्यंत देईल, गाडीवर बसलेल्या माणसाला या पॉलिसीत संरक्षण आहे अथवा नाही, अपघात झाल्यास जागेवर पैसे देण्याआधी या क्रमांकावर फोन करावा. ‘अथवा’ या शब्दाच्या अलीकडचे किंवा पलीकडचे काय खोडायचे, ते विक्रेत्याने गिऱ्हाइकासमोर पेनाने खोडावे आणि त्यावर दोघांनी सही करावी.

कळावे.

आपला विश्वासू,
एक विमाधारक